कोरड्या विहिरीतले स्फटिक

पाणी लागलं की आमचं बिऱ्हाड उठायचं. माझे आईवडील लोकांच्या विहिरी खोदायचे. ज्या दिवशी खालून ‘लागलं, लागलं’ असा ओरडा यायचा, त्या दिवशी मालक नारळ फोडायचा, गूळ वाटायचा आणि माय आमच्या ताडपत्रीच्या खोपटाच्या दोऱ्या सोडायला घ्यायची. पुढचं काम, पुढचं गाव. एक उन्हाळा पोखर्णीकडे, एक देवगाव फाट्याजवळ. दर वेळी शाळा नवी. मला एखादी मैत्रीण मिळेपर्यंत विहिरीला पाणी लागायचं. मधल्या सुट्टीत मी एकटीच पाटी पुसत बसायचे. पुसलेलीच पाटी पुन्हा पुसायचे.

चुडाव्याजवळच्या एका विहिरीला मात्र पाणी लागलं नाही. माती गेली, मुरूम गेला, साठ फुटांवर नुसता काळा पाषाण. मालकानं नाद सोडला. त्याच विहिरीत बाबांच्या पायावर दगड पडला आणि आम्हाला तिथून हलता येईना. माय रोजानं निंदायला जायला लागली आणि आम्ही त्याच गावचे झालो. माझी शाळा सलग झाली ती त्यामुळे. आमच्या घराण्यात दहावीपुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, आणि संशोधनासाठी दूरच्या शहरात गेले. हे सांगताना मला लाज वाटत नाही, उलट दोनदा सांगावंसं वाटतं.

माझा विषय काय, हे गावात कोणी विचारलं की मी असं सांगायचे. आकाशात जे दिसतं त्याच्याहून कितीतरी जास्त न दिसणारं आहे. तारे ज्या वेगानं फिरतात त्यावरून ते असणार हे कळतं. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. त्याचे कण कदाचित इतके हलके असतील की नेहमीच्या यंत्रांना त्यांचा धक्का कळणारच नाही. पण स्फटिकात अणू ओळीनं बसलेले असतात. एखाद्या कणानं नेमका धक्का दिला तर एक अणू जागचा उठतो आणि जागा रिकामी राहते. निळा प्रकाश टाकला की अशा काही रिकाम्या जागा सूक्ष्मदर्शकाखाली लाल चमकतात. स्फटिकाला वीज लागत नाही, तार लागत नाही. ठेवून द्यायचा आणि वर्षानं वाचायचा, म्हणजे त्यातले लाल ठिपके मोजायचे.

अडचण एवढीच, की आकाशातून येणारे साधे किरण आणि खडकातून निघणारे किरणही तशाच जागा करतात. म्हणून आधी शोधायची ती निवांत जागा, जिथं स्फटिक वर्षभर ठेवला तरी त्यात नवं काही होत नाही. माझं काम तेवढंच होतं. आमच्या मार्गदर्शक सरांना त्यासाठी खोल खाण हवी होती, परवानगी मिळत नव्हती. मी म्हटलं, “सर, काळ्या पाषाणातून किरण कमी निघतात. माझ्या वडिलांनी खोदलेली एक कोरडी विहीर आहे.”

सगळे हसले. एकजण म्हणाला, “म्हणजे मॅडम कृष्णद्रव्य पोहऱ्यानं शेंदणार!”

सर हसले नाहीत. म्हणाले, “करून बघा.”

नखाएवढे बिनरंगी स्फटिक भट्टीत तापवून त्यांचे जुने दोष, म्हणजे आधीच्या रिकाम्या जागा, शक्य तितके घालवले, शिशाच्या डब्यात बंद केले आणि रेल्वेनं चुडाव्याला नेले. प्रवासाचे तास नोंदवले. दुसरा डबा प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला, आणखी काही स्फटिक कपाटात आणि तळघरात, तुलनेसाठी. बाबांनी लंगडत्या पायानं दोरावरून उतरून विहिरीच्या तळाशी छिन्नीनं कोनाडा कोरला. मी वरून कंदील धरला होता. डबा आत बसवून ते म्हणाले, “हितं काय बी येत न्हाई. मुंगी बी न्हाई.”

मग मी परत गेले आणि वर्षभर टेबलावरचे, कपाटातले, तळघरातले स्फटिक वाचत बसले. वाचायची खोली भर दुपारीही काळोखी. आत एकावेळी एकानंच जायचं. दिवस दिवस मी कोणाशी बोलायचे नाही. चहावाला ‘ताई, साखर?’ म्हणायचा तेव्हा घसा खाकरून हो म्हणावं लागायचं. सुट्टीच्या दिवशी वसतिगृहातल्या मुली घरी जायच्या, मी जिना उतरून रस्त्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. मायचा फोन यायचा.

“जेवलीस का?”

“जेवले.”

“काय करायलीस?”

“ठिपके मोजायलेय.”

“अजून तेच? लय हायत काय गं?”

 मग ठेवते म्हणायचं कोणी, याची दोघी वाट बघायचो.

दिवाळी झाल्यावर विहिरीतला डबा आणला. वाचला. लाल ठिपके हिशोबापेक्षा कितीतरी जास्त. पुन्हा वाचला, तेच. सर म्हणाले, “विहीर चालत नाही असं लिहा आणि संपवा. तुमची मुदत संपत आलीय.” मी प्रकरण लिहिलं. तो दगड निवांत नाही, असं शेवटी टाकलं. फोनवर बाबांना सांगितलं.

“कोणता दगड?” त्यांनी विचारलं.

“आपलाच. त्यातून किरण निघत असणार.”

 ते म्हणाले, “तीस वर्सं म्या त्याच्यातच हुतो. मला कामून काय झालं न्हाई मग?”

त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांच्या हाताखालच्या दगडाला आजवर कोणी खोटं म्हटलं नव्हतं.

संक्रांतीला घरी गेले. मायनं मोबाइल पुढे केला. “तुला दावायचंच राह्यलं. खंडेनवमीचा फोटू बघ.” अंगणात पाटावर छिन्न्या, हातोडे, पहार, दोर, आणि मधोमध माझा शिशाचा डबा. हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

मी मोबाइल ओढूनच घेतला. “हा वर कधी काढला?”

“नवमीला,” बाबा कौतुकानं म्हणाले. “दोन रोज वर हुता. दसऱ्याला सोनं लुटून आलो आन् वल्या फडक्यानं पुसून परत ठिवला. तुझं हत्यार हाय ते. समद्यांची पूजा झाली, तुझ्याच हत्याराची राहू द्यावी का?”

उघड्यावरचे दोन दिवस म्हणजे विहिरीतल्या कित्येक महिन्यांहून किरणांचा जास्त मार. मी ओरडले, “बाबा, माझं वर्ष गेलं!” बाबा उठून बाहेर गेले. जेवले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “म्हंजी दगडात खोट न्हाई?”

“नसेल. परत मोजल्याशिवाय सांगता येत नाही.”

“मग मोज की.”

लिहिलेलं प्रकरण तसंच राहू दिलं असतं तर मला कोणी काही विचारलं नसतं. पण ते खोटं होतं, आणि खोटं ठरत होता माझ्या बापाचा दगड. मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला. “पूजा? हे प्रबंधात लिहिणार?”

“डबा दोन दिवस जमिनीवर होता, एवढं लिहीन. आणि पुन्हा ठेवीन.”

सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. बरोबरीच्यांचे प्रबंध झाले, त्यांना नोकऱ्या लागल्या, खोलीतली टेबलं रिकामी झाली. पोहऱ्यावरून चिडवणाराही गेला. मला त्याची आठवण येईल असं वाटलं नव्हतं. आली. दुसरं वर्ष मी त्या मजल्यावर जवळजवळ एकटी होते.

खंडेनवमीला सकाळीच बाबांचा फोन आला. “बाई, डब्याला हात लावत न्हाई. खाली उतरून भिंतीला हळद लावली तर चालंल का?”

“कोनाड्यापासून लांब लावा. आणि बाबा, पाय सांभाळा.”

“बरं,” म्हणाले. यावेळी फोन ठेवायची घाई दोघांनाही नव्हती.

दुसऱ्या खेपेचे स्फटिक मी तीनदा वाचले. टेबलावरच्या स्फटिकांत ठिपके वाढले होते. विहिरीतल्या स्फटिकांत ते इतके कमी वाढले होते की उरलेल्या जुन्या दोषांतून वेगळे काढता येईनात. कृष्णद्रव्याचा कण मला दिसला नाही, अजून कोणालाच दिसलेला नाही. आमच्या काळ्या पाषाणात ठेवलेला स्फटिक वर्षभर जवळजवळ जसाच्या तसा राहतो, हे मी मोजून सिद्ध केलं. आधीचं प्रकरण रद्द करून हे घातलं. प्रबंध मान्य झाला आणि मला पीएच.डी. मिळाली.