तबल्याच्या जागेवरून

दिगूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजवाड्यामागच्या एका दुकानात तबल्याला नवी शाई लावून घ्यायला बसलो होतो. फोन वहिनींचाच होता. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. दुकानदारानं विचारलं, "क्या हुआ भिया?" मी म्हटलं, "कुछ नहीं." याला पाच आठवडे झाले. तबला अजून तिथेच पडलाय, आणायला पाय उचलत नाही...

दिगूभाऊ सरकारी कचेरीतून रिटायर झालेले कारकून आणि आमच्या हौशी गाणाऱ्यांच्या टोळक्याचे पेटीवाले. हौशी म्हणजे तिकीट काढून कोणी ऐकणार नाही असे आम्ही सगळे. त्यांच्याकडे वडिलांची पायपेटी होती. खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी आळीपाळीनं भाता मारायचा, म्हणजे दोन्ही हात सुरांवर मोकळे. डायबिटीज झाला, उजव्या अंगठ्याखाली जखम झाली, ती भरेना. मी दहादा सांगितलं, "आता हातपेटी घ्या." त्यावर उत्तर ठरलेलं, "अरे भिया, एका हातानं जेवतात. वाजवायला दोन लागतात." हट्टी माणूस! ते खुर्चीवर, मी शेजारी जमिनीवर, त्यामुळे तीस वर्षं मी त्यांच्या तोंडापेक्षा त्यांचे पायच जास्त पाहिले. समेला त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा मोज्यातल्या मोज्यात वर व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात आमची दिवसभराची सभा होती. सकाळी वहिनींनी मला बाजूला घेतलं. "रात्रभर कण्हत होते. दुपारच्या जेवणानंतर घरी धाडा हं भाऊजी." मी म्हटलं, "बिलकुल!" आणि तेव्हा ते खोटं नव्हतं. दिगूभाऊ माझ्या खांद्याला धरून मंचावर चढले, बूट काढले, पट्टीवर चढवलेला पांढरा मोजा नीट केला आणि घरून आणलेल्या पायपेटीशी बसले. सकाळभर एकामागून एक गाणारे येत होते आणि दोन गाण्यांच्या मधे ते दात आवळून डोळे मिटून घेत होते. जेवणं झाली तेव्हा मी रिक्षाचं काढलं. तर एकदम खुशीत म्हणाले, "भिया, आता दुखतच नाहीये! सुरांनी काम केलं, बघ." आम्ही वेड्यांनी टाळ्या वाजवल्या. डायबिटीजवाल्याचा पाय दुखायचा थांबला की घाबरायचं असतं, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं.

खरं सांगायचं तर मला ते हवेच होते. शेवटी माझा सोलो होता, बासष्टाव्या वर्षी आयुष्यातला पहिला. सोलोला पेटीवर एकच ओळ फिरवत राहावी लागते, तो लेहरा, आणि लेहरा धरणारं दुसरं कोणी नव्हतं. मी सुरू केलं. थोड्या वेळानं खाली नजर गेली तर उजव्या मोज्याच्या टोकाला नाण्याएवढा लाल डाग. बघता बघता तो पुरीएवढा झाला. मी हात न थांबवता वर पाहिलं. त्यांना वाटलं, मी लय वाढवा म्हणतोय. ते हसले आणि त्यांनी लय वाढवली... आणि मी ती घेतली. थांबवता आलं असतं. हात उचलला असता तरी पुरे होतं. इतकं चांगलं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं, आता वाजवणारही नाही.

आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वहिनींनी विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर शेजारीच होतात. काहीच दिसलं नाही?" मी म्हणालो, "नाही हो वहिनी. खाली अंधार होता." हे वहिनी वाचतील. वाचावं म्हणूनच लिहितोय. आम्ही वर्गणी काढून दिगूभाऊंना हातपेटी नेऊन दिली, तिचं झाकण त्यांनी एकदाही उघडलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मी बोलत बसायचो, ते 'हूं' म्हणायचे. एकदाच वळून म्हणाले, "लेहरा जमला होता ना भिया?" मी हो म्हटलं. त्यानंतर जखम पुन्हा चिघळली, ताप उतरलाच नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी घरी गेलो. पायपेटी तिच्या जागी होती, समोर रिकामी खुर्ची. खोलीत दिवाण होता, पण मी सवयीनं जमिनीवर, माझ्या जागी जाऊन बसलो. दुपारचं ऊन पेटीच्या पॅडलांवर आलं होतं. उजव्या पॅडलावर सतरंजीचा तुकडा ठोकलेला आहे, त्यावर तपकिरी डाग आहे. घासून घासून कड उसवली होती, डाग गेला नव्हता. वहिनी चहा घेऊन आल्या आणि गुडघ्याला हात लावत माझ्या शेजारी खालीच बसल्या. बशी माझ्या हातात दिली, समोर पाहिलं, मग बराच वेळ पाहत राहिल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "इथून तर सगळं दिसतं."