वहीतलं जेवण

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी मला शांती नगरमधल्या एका वर्गाला पाठवलं होतं. काय खावं, किती चालावं ते तिथे शिकवायचे आणि आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहून आणायला सांगायचे. माझ्या शेजारी चौक गावची एक मासेवाली बसायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिची वही मीच भरायचो. ती पदर खोचून, बोटांवर मोजत आठवायची. "सोमवारी भाकर अर्धीच, बोंबलाचं कालवण, मुळ्याचा पाला. लिवलंस?"

माझ्या आठवड्यात फरसाण आणि जिलेबी होती. एकदा मी तिचंच जेवण माझ्याही वहीत उतरवलं.

दोन्ही वह्या सारख्या बघून वर्ग घेणाऱ्या मॅडम तिला म्हणाल्या, "काय मावशी, सरांचं बघून सांगितलंत ना?" वर्ग हसला. मी मान खाली घातली. ती एवढंच म्हणाली, "सर हुशार हायेत, मॅडम."

बाहेर रिक्षापाशी मात्र तिने मला गाठलं. "दादा, माजं जेवान वहीला घातलंस, आता पोटाला पन घाल. वहीला साकर व्हत न्हाय."

रागाचा लवलेश नव्हता. मी त्या दिवसापासून खरंच तसं जेवू लागलो. आता साखर उतरली आहे, रोज चालतो, बरं वाटतं. ती नंतर वर्गाला आली नाही. मॅडम अजून भेटतात. ते जेवण तिचं होतं, हे त्यांना सांगणं माझ्याकडून बाकी आहे.