बाबांच्या कानातली खरखर

मोहाडीतल्या आमच्या विहारात संध्याकाळच्या वंदनेला बाबा पुढच्या रांगेत बसतात. निवृत्त मास्तर, आवाज अजून खणखणीत, पण वयानं ऐकू कमी येतं. पुण्यातली मैत्रीण आणि मी मिळून त्यांच्यासाठी एक ॲप बनवलं. फोन आजूबाजूचा आवाज पकडतो, साफ करतो आणि इअरफोनमधून मोठा करून ऐकवतो. तेच ॲप लॅपटॉपवरही चालावं म्हणून आमची धडपड चालली होती.

एका संध्याकाळी गाथा म्हणता म्हणता बाबांनी इअरफोन काढून खिशात ठेवला. बाकीचे पुढच्या ओळीवर गेले, बाबा मागच्याच ओळीवर राहिले. मला बसवेना.

बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "खरखर करून राहिला तो. मले वाटलं, माये कानच अजून बिघडले."

कान नव्हते बिघडले. त्याच आठवड्यात आम्ही कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण यंत्राला समजेल असं करणारं साधन, नव्या आवृत्तीचं घेतलं होतं. आवाज झटपट साफ व्हावा म्हणून फोनसाठीचा एक तुकडा मी थेट असेम्ब्लीत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिला होता. ती भाषा यंत्रासाठी उलगडणारा असेम्ब्लरही नवा. एकही चूक न दाखवता सगळं तयार झालं होतं. लॅपटॉपवर आवाज स्वच्छ, फोनवर खरखर.

मैत्रीण फोनवर म्हणाली, जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या त्रुटी आहेत, मागं कशाला जायचं? मी म्हटलं, नवीवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? दोघींचंही खरं होतं, आणि त्यानंच जीव थाऱ्यावर राहत नव्हता. जेवण अर्धं टाकून उठायची, तलावाच्या पाळीवर चक्कर मारायची, परत येऊन तोच कोड उघडायची.

शेवटी बाबांची वंदना रेकॉर्ड केली आणि कंपायलर-असेम्ब्लरच्या प्रत्येक जोडीनं ॲप तयार करून तेच रेकॉर्डिंग फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर चालवून पाहिलं. नवा कंपायलर आणि जुना असेम्ब्लर ही जोडी जुळेचना. दोन्ही जुने घेतले तर आवाज चांगला, पण ॲप नव्या फोनवर उघडेना. सगळ्यात नव्याच्या एक पायरी मागची जोडी, जिच्यात त्या त्रुटी दुरुस्त झालेल्या होत्या, तीच दोन्हीकडं नीट चालली. मैत्रिणीनं स्वतः तपासलं, मग कबूल झाली. आम्ही त्याच जोडीचे आवृत्ती-क्रमांक प्रकल्पात पक्के बांधून ठेवले, आपोआप काही बदलू नये म्हणून.

पुढच्या वंदनेला बाबा सगळ्यांच्या बरोबरीनं म्हणत होते. घरी येताना बोलले, "आता बराबर ऐकू येऊन राहिलं, बाई. याले हात नको लावू."

मी हो म्हटलं. पण फोन बदलतील, त्यांच्या प्रणाली बदलतील, एक दिवस ही जोडीही चालेनाशी होईल, हे त्यांना सांगवलं नाही. तेव्हापासून फोनवर अपडेटची सूचना दिसली की मी आधी बाबांचं ते रेकॉर्डिंग ॲपमधून ऐकून पाहते.