अंजिराला तेलाचा थेंब

फोन ठेव गं बाजूला, जवळ ये. माझं ऐकायला तुला कधी सवड नसतीच. आज बोटाला गोडेतेलाचा वास आला आणि आठवलं. बेळगावच्या गारठ्यात आमच्या परसातली अंजिरं हिरवीच राहायची. कंटाळून ह्यांनी झाड तोडायला कुऱ्हाड काढलेली. शेजारची निपाणीकडची जैनांची आक्का म्हणाली, "थांबा. फळाच्या बुडाच्या छिद्राला तेलाचा थेंब लावा." आठवड्यात अंजिरं जांभळी, मऊ झाली. पहिलं तिलाच दिलं, तर हसून म्हणाली, "आमच्यात खाईत न्हाईत गं, आत जीव असत्यात." मी विचारलं, मग तुला कसं ठाऊक? "माहेरी झाड हुतं. पिकवून शेजाऱ्यांना वाटायचो." तिनं अंजीर नाकाशी धरलं, बराच वेळ वास घेतला अन् माझ्या हातात परत ठेवलं. झाड अजून उभं आहे. आज तेल लावलंय. आठवड्यानं परत ये, तुझ्या वाटणीची ठेवते.