शालनबाई आणि परत न आलेली बोट

शालनबाईंनी मला एकदा दंडाला धरून वर्गाबाहेर काढलं होतं.

आज पहाटे त्या गेल्या. अटॅक आला, हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाई अर्नाळ्याच्या शाळेत शिकवायच्या. मी सुट्टीच्या दिवशी विरारहून जाऊन त्यांच्या गोष्टींना चित्रं काढायचे.

त्यांच्या वर्गातली पोरं धडा घडाघडा म्हणायची. पुस्तक उलटं धरलं तरी म्हणायची. सगळं पाठ, वाचता कुणाला येत नव्हतं.

बाई वैतागायच्या. "यांच्या दारात बोंबील वाळतात आणि पुस्तकात कायम कुणीतरी मामाच्या शेतावर हुरडा खातंय. कशाला वाचतील गं?"

मग स्वतःच लिहायला लागल्या. जाळं, भरती, लिलाव, मासे पळवणारं मांजर. पोरं हळूहळू खरंच वाचायला लागली.

नियम एकच. गोष्ट आधी किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायकांसमोर वाचायची. ऐकताना त्यांचे हात थांबले तर पास. काम चालूच राहिलं तर गोष्ट रद्द. माझी कितीतरी चित्रं अशी फुकट गेलीत.

आणि मग तन्वी.

तिसरीतली पोर. बाप ज्या बोटीवर होता ती वादळात सापडली, परत आलीच नाही. बॉडीसुद्धा मिळाली नाही. आई रंजनाने सांगितलं, बाबा गुजरातच्या बोटीवर आहेत. अख्ख्या आळीने तेच सांगितलं.

तन्वीने वाचायचं सोडलं. अक्षरं ओळखायची, पण जोडायची नाही. पुस्तक दिलं की मिटून मांडीवर ठेवायची.

बाईंनी गोष्ट लिहिली. एका मुलीची, जिचा बाप समुद्रावरून परत येत नाही.

माझं डोकंच फिरलं. "वेड लागलंय का बाई तुम्हाला? त्या रंजनाचं काय होईल?"

"तू चित्रं काढ."

काढली. रागारागाने काढली.

किनाऱ्यावर रंजना समोरच बसली होती, बोंबिलांच्या जोड्या दोरीवर अडकवत.

बाई वाचत गेल्या. 'बोट आली नाही' या पानाला सगळ्यांचे हात थांबले. रंजनाचे थांबले नाहीत. ती आणखी भराभर जोड्या लावायला लागली.

मग एकदम उठली. "बास करा बाई."

हातातली दोरी तिने खाली टाकली.

"माज्या पोरीला कोनी कायपन सांगायचं नाय. मीच अजून गल्यातलं काडलं नाय."

बाईंनी पुस्तक मिटलं. "नाही सांगत. तो हक्क तुझा. तू नको म्हणालीस तर हे छापणारही नाही."

हाताने बनवलेली ती एकुलती एक कॉपी त्यांनी तिच्या टोपलीवर ठेवली आणि चालायला लागल्या. मी वाटभर भांडले.

पुढे एकदा मी रजा टाकून शाळेत गेले होते. मधली सुट्टी होती. वर्गात आम्ही दोघी आणि कोपऱ्यात डबा खाणारी तन्वी.

दारात रंजना. हातात तीच कॉपी.

"बाई, मना वाचता येत नाय. पुडं काय होतं त्या पोरीचं?"

मी तन्वीकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "मी नाही सांगणार. तन्वीकडून वाचून घे."

"अहो बाई, काहीतरीच काय..." मी एवढंच बोलले आणि दंडाला धरून मला बाहेर काढलं गेलं. त्याही बाहेर आल्या. दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात उभ्या आम्ही. खिडकी उघडी. बाईंची बोटं माझ्या दंडात रुतलेली. तेव्हा कळलं, त्या माझ्याहून जास्त घाबरल्यात.

आतून एकेक अक्षर जोडत आवाज येत होता.

"बो... ट... आ... ली... ना... ही."

मग आवाज थांबला. मी आत जायला निघाले. बाईंनी सोडलं नाही.

"आय, मना म्हाईत हाय," तन्वी म्हणाली. "तू रडशील म्हनून बोलली नाय."

रंजना हमसून हमसून रडली. ते ऐकवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. "वाच पुडं."

आणि पोरीने वाचलं. अडखळत, नाक ओढत, पण शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले.

तन्वी आता आठवीत आहे, दुसऱ्या शाळेत.

आज सकाळी बाईंच्या शाळेत एकच प्रश्न होता, छोट्यांना सांगायचं काय? कुणीतरी म्हणालं, बाई गावाला गेल्यात म्हणून सांगू, परीक्षा तरी होऊ दे.

रंजनाचा आत्ताच फोन आला. तन्वी आपली शाळा सोडून तिथे गेली होती. युनिफॉर्मवरच. कुणाला न विचारता वर्गात जाऊन उभी राहिली.

"बाई वारल्या. त्या परत येणार नाहीत. रडायचं त्यांनी रडून घ्या. मग मी गोष्ट वाचते."

निघा बाई.

वर्गावर तन्वी आहे.