रेकॉर्डच्या खोलीतली आवराआवर

"माणूस आजारी आहे, कागद तरी धड असू दे," असं पुटपुटत ते फाटक्या केसपेपरला खळ लावायचे. परळच्या आमच्या इस्पितळात रेकॉर्डच्या खोलीचे ते हेडक्लार्क. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. खळ करी रोडच्या चाळीतून, घरून शिजवून यायची. एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, वैतागून जेवणातही तीच वाढली, असं भाऊ स्वतःच हसत सांगायचे. खरं-खोटं देव जाणे!

इस्पितळाच्या खिडकीशी तुम्ही कधी ताटकळला असाल, तर आतल्या कारकुनांना शिव्याही घातल्या असतील. त्यातलीच मी एक. नायगावहून चालत येणारी, टेंपररी. माझ्या पगारावर आई आणि धाकटी भावंडं जेवत होती. खोलीत कागदांचे ढीग आणि आम्ही मोजकी माणसं. "माणसं वाढवा," म्हणून भाऊ वर्षानुवर्षं अर्ज करत होते. जागा वाढली की मी कायम होणार होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा-मोर्चांचे ते दिवस. काम किती आणि त्याला माणसं किती लागतात, हे पाहायला वरच्या कचेरीतून एक साहेब येणार असं कळलं. झालं! भाऊंनी आम्हाला रविवारी बोलावलं.

"पावणे येतले, घर आवरूक नको?"

"भाऊ, तुंबलेलं काम दिसू दे की त्यांना," मी म्हटलं.

"गप गो! लोक काय म्हणतले, ही माणसं अशी राहतात?"

मग काय, आम्ही रॅक पुसले, ढीग उपसले, चिकटवायचं ते चिकटवलं. साहेब आले तेव्हा खोली लग्नघरासारखी दिसत होती. ज्याचा कागद मागावा त्याचा हजर. भाऊ शेजारी उभे राहून आमचं कौतुक सांगत होते. साहेबांनी चहा घेतला, तोंडभर स्तुती केली आणि म्हणाले, "काम छान उरकतंय. जागा वाढवायची गरजच नाही. उलट एक माणूस जास्त आहे. टेंपररी कोण?"

मी पुढे झाले. भाऊंचा चेहरा खाडकन उतरला.

"साहेब, जास्तीचा मी," ते म्हणाले. "माझं निवृत्तीचं वय झालंय. वर्षाची मुदतवाढ मिळालीय, ती नको मला. माझ्या खुर्चीवर हाताखालचा कारकून बसेल, त्याच्या जागी ही."

"विचार करा. मुदतवाढ पुन्हा मिळत नाही."

"आवरायची हौस माझी होती. हिच्या पोटावर पाय कशाला?"

त्या मुदतवाढीसाठी त्यांनी किती खेटे घातले होते, ते मला ठाऊक होतं. ती खोली म्हणजे त्यांचा जीव होता. महिनाअखेर ते निवृत्त झाले. मोर्चामुळे बसगाड्या बंद होणार म्हणून निरोपाचं भाषणही घाईत उरकलं. त्यांच्या पाया पडताना मला हुंदका आवरला नाही.

कायम झाल्याचा हुकूम हातात पडला, तशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पेढे घेऊन करी रोडला गेले. दार काकींनी उघडलं.

"भाऊ आहेत?"

"ते? कामावर गेलेत ना सकाळी, रोजच्यासारखे. तुला सुट्टी काय गो आज?"



"हो काकी, सुट्टी," मी म्हटलं आणि पुडा त्यांच्या हातात दिला. "मी कायम झाले."

"अगो बाय! ते इले की सांगतंय. खूश होतले!"