मुठीतली ज्वारी

चुन्याचा वास आला की मला जाफराबादजवळचं मावशीचं अंगण आठवतं. जवळच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला होता आणि गावातली प्रत्येक कोंबडी मारायची होती. पशुसंवर्धन खात्याची पांढऱ्या पोशाखातली माणसं कोंबड्यांमागे धावून दमली. मावशीच्या कोंबड्या पत्र्यावर चढून बसल्या. “काकू, तुम्हीच बोलवा त्यांना,” त्यांचे साहेब म्हणाले. “माझ्याच आवाजानं फसवू व्हय त्यायला?” मावशी म्हणाली, पण शेवटी माझ्या हातावर ज्वारी ठेवून तिने रोजची हाक दिली, “आ, ती ती ती!” सगळ्या उड्या टाकत आल्या. मी मूठ घट्ट मिटली, तरी एक कोंबडी मुठीवर चोच मारत राहिली. संध्याकाळी अंगणामागच्या खड्ड्यात सगळ्यांवर चुना टाकला. आता पुन्हा साथीच्या बातम्या आहेत. काल मावशीला सावध करायला फोन केला. “मला काय सांगून राह्यली? अंगण तर तवापासून रिकामंच हाये,” ती म्हणाली.